झीलकरणीचा गुडघा

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर अंजनाबाईंचा उजवा गुडघा उजळला होता. दोन हाडांमध्ये जिथं काळी फट दिसायला हवी, तिथं आतल्या बाजूला जेमतेम रेघ उरली होती.

"ही फट म्हणजे कूर्चा," डॉ. शिरीन पटवेगार म्हणाल्या. "हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी. क्ष-किरणात ती दिसत नाही, म्हणून मोकळी जागा वाटते. उभं करून फोटो काढला की अंगाचा भार पडतो आणि झीज खरी किती ते कळतं."

अंजनाबाईंना फोटोची गरज नव्हती. सकाळी उठलं की गुडघा गंजल्या बिजागरीसारखा धरायचा, चार पावलं चाललं की सुटायचा. जिना चढताना कळ, उतरताना त्याहून मोठी कळ, मांडी घातली की करकर. रक्त तपासून झालं होतं, तो दुसरा, सगळे सांधे सुजवणारा संधिवात नव्हता. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम झाले, वजन उतरवून झालं, गोळ्यांनी पोट बिघडलं, सांध्यातलं इंजेक्शन काही आठवडे टिकून विरून गेलं. उरला सांधा बदलणं. पण त्यांचं हृदय दुबळं होतं, भूल देणारे डॉक्टर तयार होईनात. आहे तोच गुडघा मरेपर्यंत पुरवायचा होता. आणि अंजनाबाई शाहीर होत्या. पोवाड्यात किल्ला पडला की त्या उजवा गुडघा मंचावर टेकत आणि डफ उंच धरून उठत. त्या उठण्यासाठी तर माणसं यायची.

"नस बधिर करून टाका," असं अंजनाबाईच मागं म्हणाल्या होत्या.

त्याला डॉ. उपाध्ये आडवे आले. चाळीस वर्षं हाडांत काढलेला माणूस, बोलायला सावकाश. बधिर सांधा स्वतःला खातो, ते म्हणाले. दुखणं हा राखणदार आहे. तो झोपला की माणूस वाकडं पाऊल टाकतो, तेच पुन्हा टाकतो, आणि हाड पिठासारखं होतं.

"म्हणून राखणदाराला झोपवायचं नाही सर, दुसऱ्या घरी ठेवायचं," शिरीन म्हणाल्या.

तीच त्यांची वेदनावाहिनी. गुडघ्यामागं बसवलेला तांदळाएवढा वेदनाग्राहक नसेतला दुखण्याचा संदेश वाचायचा, मेंदूकडं जाणारा अडवायचा आणि हवेतून दुसऱ्या माणसाच्या गुडघ्यावरच्या पट्टीकडं धाडायचा. पट्टी त्या माणसाच्या नसेत तेच दुखणं उमटवायची, जरा सौम्य करून. त्यानं मनगटावरचं बटण दाबलं की रुग्णाच्या पोटरीला थरथर व्हायची. मग थांबायचं, बसायचं. रस्ता दुहेरी होता, उलटाही फिरवता यायचा, पण त्याचं कुणाला काम नव्हतं.

"यंत्रानंच का नाही थांबवायचं?" उपाध्ये.

"करून पाहिलं. यंत्र थांब म्हणालं की लोक यंत्र काढून ठेवतात. माणसाचं ऐकतात."

ते माणूस म्हणजे शेवंता. अंजनाबाईंची धाकटी बहीण आणि त्यांची झीलकरीण. शाहीर पुढं, झीलकरीण दोन पावलं मागं, हातात तुणतुणं. शाहिरानं ओळ टाकायची, तिनं ती उचलून 'जी जी रं जी' करत वर न्यायची. शाहिराचा श्वास तुटला तर झीलकरणीनं सूर चढवायचा, लोकांना तुटलेलं दिसू द्यायचं नाही, ही त्यांच्या बापाची शिकवण.

उपाध्यांनी शेवंताचाही फोटो काढायला लावला. थोडीशी झीज, वयाला साजेशी. गुडघे दुखतात का, असं विचारल्यावर शेवंता हसली. "मला काय धाड भरलीय? दुखणं आक्काचं. मी नुसती मागं हुबी असते."

"फोटोवर जाऊ नका हं," उपाध्ये अंजनाबाईंकडं वळून म्हणाले. "गुडघ्याचा पार चुरा झालेली माणसं हसत चालतात, आणि फोटो चांगला असलेली रडतात. फोटो आणि दुखणं यांचं नेहमी जुळतंच असं नाही."

खरी गोष्ट होती. फक्त ती चुकीच्या बहिणीला सांगितली गेली.

मग ग्राहक बसवून, पट्टी बांधून चाचणी झाली. शेवंताला खुर्चीत बसवलं आणि अंजनाबाईंना लाकडी पायरीवर चढवलं. अंजनाबाईंना काही वाटलं नाही. खुर्चीत शेवंतानं ओठ चावला आणि बटण दाबलं. पुन्हा चढवलं, पुन्हा तिनं दाबलं. एकदाही चुकली नाही.

"अगं बया," ती म्हणाली, "हे घिऊन नाचत हुतीस व्हय?"

जत्रांचा हंगाम लागला. अंजनाबाई गायल्या. गुडघा आपला नव्हताच जणू, कुणाचा तरी उसना पाय लावून त्या उभ्या होत्या. सुरुवातीला त्या पोटरीतल्या थरथरीची वाट बघत. ती आली नाही. मग वाट बघणं सुटलं. किल्ला पडे, गुडघा टेके, डफ वर जाई, माणसं उठून उभी राहत. मागं शेवंताचा सूर आधीपेक्षाही चढा लागे. आनंद व्हायला हवा होता, पण तोही जरा दुरूनच आल्यासारखा वाटे. शेवंता मात्र रात्री गाडीत पाय लांब करून स्वतःशीच गुणगुणायची:

गुडघ्याच्या वाटीमंदी कुणी ठिवला निखारा
भैनी, तुझ्या पावलाचा मला कळंना इशारा

अंजनाबाईंनी ते ऐकलं होतं. नवी ओवी जुळवतेय, असं वाटलं त्यांना.

हंगाम सरता सरता लुगडं नेसताना त्यांना आपला पाय बाहेरच्या बाजूला वाकलेला दिसला. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. दाबून पाहिला. दुसऱ्याचा नारळ दाबल्यासारखं वाटलं.

पडद्यावर आता रेघही नव्हती. हाडावर हाड बसलं होतं आणि खालच्या हाडाची कड आत खचली होती. शिरीनबाईंनी वाहिनीची नोंद उघडून पाहिली. ग्राहकानं प्रत्येक संदेश धाडला होता, पट्टीनं प्रत्येक संदेश उमटवला होता. बटण हंगामभर एकदाही दाबलं गेलं नव्हतं.

"मला हीच भीती होती," उपाध्ये हळूच बोलले. "ज्याची माया असते, तो राखणदार गप्प बसतो."

अंजनाबाईंनी बहिणीकडं पाहिलं. राग यायला हवा होता, रडू यायला हवं होतं. दोन्ही वाटेत कुठंतरी अडकलं. "सोसलंस व्हय गं?" एवढंच त्या म्हणाल्या. "माझ्या टाळ्यांपायी?"

शेवंता गोंधळली. "मी कशाला सोसू? आक्का, तुझं दुखणं आलं आसतं तर दाबलं नसतं का मी? आलंच न्हाई. मंचावर माझं नेहमीचंच हुतं."

मग शिरीनबाईंनी अंजनाबाईंचं दुखणं अडवलेलंच ठेवून शेवंताकडं धाडणं पूर्ण बंद केलं आणि शेवंताला उभं राहायला सांगितलं. शेवंता उभी राहिली, अंग दोन्ही पायांवर तोलून, मागं उभी राहते तशी. थोडा वेळ गेला. तिनं ओठ चावला, चाचणीच्या दिवशी चावला होता तसाच.

"वाहिनी बंद आहे," शिरीन म्हणाल्या.

"आसंल. हुबं ऱ्हायलं की माझा दुखतोच."

"मग विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

"तुमी दुखण्याचं इचारलंसा. झीलकरणीचा गुडघा दुखायचाच की. त्याला कोण दुखणं म्हणतंय?"

उपाध्ये खुर्चीत बसले. चाचणीत शेवंताला बसवून ठेवलं होतं, तिचा स्वतःचा गुडघा शांत होता, म्हणून आलेली प्रत्येक कळ बहिणीची म्हणून ओळखू आली. मंचावर ती उभी होती. दोन दुखणी एकाच नसेतून, एकाच सांध्यात, एकाच ठेक्यावर आली. त्यांतलं परकं कुठलं, हे ठरवणार कसं?

"कवापास्नं?" अंजनाबाईंनी विचारलं.

"तुझा दुखायच्या आधीपास्नं. तुला पोवाड्यात बसाय मिळतं, गुडघा टेकून. मला कुठलं मिळायला?"

आता पुढं कमरेपासून पट्ट्यांचा आधार, काठी, आणि मंच नाही, असं उपाध्ये सांगत होते. शेवंताचा उपचारही आजच सुरू करू, तिचा गुडघा अजून वाचण्यातला आहे, म्हणाले. अंजनाबाई ऐकत होत्या, भिंतीकडं बघत.

"ते उलटं फिरतंय म्हणालाव्हता न्हवं?" त्या मधेच म्हणाल्या. "फिरवा. हिचा माझ्यात द्या. घडीभर."

शिरीनबाईंनी उपाध्यांकडं पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान डोलावली. अंजनाबाईंचं स्वतःचं दुखणं अडवलेलंच ठेवून वाहिनी उलटी केली गेली. अंजनाबाई बसल्या होत्या. समोर शेवंता उभी राहिली.

आधी काही नाही. मग आतल्या बाजूला, वाटीच्या खाली, ओळखीचं काहीतरी सरकलं, बसलं आणि तापत गेलं. कितीतरी दिवसांनी गुडघा अंगाला जोडल्यासारखा वाटला.

"चुकलं तुमचं," त्या म्हणाल्या. "हा माझाच चालू केलासा."

"तुमचा बंद आहे, अंजनाबाई."

त्यांनी डोळे मिटून नीट चाचपलं. हंगामभर बहिणीनं चाचपलं तसं. बोट ठेवायला एकही जागा वेगळी सापडेना.

"खाली बस शेवंता," त्या म्हणाल्या.

शेवंता बसली. अंजनाबाईंच्या गुडघ्यातलं दुखणं हळूहळू ओसरत गेलं, आणि तिथं पुन्हा काहीच उरलं नाही.