मुकादमाच्या मागावर

काटेरी झुडपाखालून रांगत ती बाहेर आली, तेव्हा पुढे वाट नव्हतीच. होतं ते नुसतं धुकं. पांढरं, ओलं, हात पुढे केला तर बोटं दिसू नयेत असं. आणि त्या धुक्यातून एक पुरुषी आवाज आला –

"मुकादम! ए मुकादम! कुठे तडमडलास रे?"

ती जागच्या जागी बसली. श्वाससुद्धा रोखून. म्हणजे वहिनीचं चुकलं होतं आणि तिचं बरोबर होतं. मुकादम एकटा नव्हता. त्याला साथीदार होता!

आता हा मुकादम कोण, ते सांगायला हवं. या डोंगरात पळणारे सगळे मनगटावरच्या घड्याळात आपली धाव नोंदवत, आणि ओढ्यापासून खिंडीपर्यंत कोण किती लवकर पोचलं ते अ‍ॅपवर सगळ्यांना दिसे. तिथे पहिलं नाव तिचं असायचं. मग कुठूनसा हा 'मुकादम' उगवला. फोटो नाही, ठावठिकाणा नाही, आणि कायम तिच्या पुढे. आज संध्याकाळी ज्याचं नाव वर असेल, त्याला क्लब मोठ्या पर्वतशर्यतीला पाठवणार होता. जागा एकच. त्या जागेसाठी तिने दोन वर्षं रविवारची झोप, सगळ्या सुट्ट्या आणि डाव्या अंगठ्याचं नख एवढं खर्ची घातलं होतं.

ती एका प्रयोगशाळेत तराजू तपासायची. आकडा खोटं बोलत असला की तिला आपोआप कळे. मुकादमाचे आकडे तसेच होते. हा माणूस चढावर हरणासारखा पळे आणि मधेच एखाद्या झाडापाशी क्षणभर थांबे. पुन्हा पळे, पुन्हा झाड.

"टोळी आहे," तिने वहिनीला सांगितलं होतं. "झाडाझाडापाशी एकेक जण उभा असतो. घड्याळ एकमेकांच्या हातात देतात."

"अगं शंकासुरा," इस्त्री बाजूला ठेवत वहिनी म्हणाली, "तुला दूधवाल्याचं माप खोटं वाटतं, डॉक्टरांचा थर्मामीटर खोटा वाटतो. उद्या माझ्या नवऱ्यावर संशय घेशील."

"दादावर? त्याच्यावर तर पहिला!"

म्हणून आज तिने मुकादमाच्या धावेची रेघ फोनवर उतरवून घेतली आणि त्या रेघेवरून पळत सुटली. खिंडीच्या अलीकडे रेघ पायवाट सोडून झुडपात शिरली. तीही शिरली. आधी वाकली, मग गुडघ्यांवर आली, शेवटी पोटावर. हा माणूस आहे की मुंगूस, असं म्हणेपर्यंत धुकं उतरलं आणि फोनवरचा ठिपका पिसाळल्यासारखा इकडून तिकडे उड्या मारू लागला.

"कोण आहे तिथे?" आवाज जवळ आला.

धुक्यातून आधी एक हात आला. हातात दोरी. मग बाकीचा माणूस. उंच, कपाळावर ओले केस, कोपरावर उसवलेला स्वेटर... आणि पायात घरातल्या चपला.

"तिथेच थांबा," ती ओरडली. "दोरी कशाला आणलीय?"

त्याने दोरीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "बांधायला."

"कुणाला?"

"मुकादमाला. सापडला तर." तो थबकला. डोळे बारीक करून त्याने तिला नीट पाहिलं आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू होतं का ते? तिने मनात टिपून ठेवलं.

"तुम्ही आधी इकडे सरका. तुमच्या मागे कडा आहे."

"कशावरून?"

त्याने एक दगड उचलून तिच्या मागे भिरकावला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग खूप खालून – टक्.

ती मुकाट्याने सरकली. कड्यापासून लांब, आणि त्याच्याही बेताचीच जवळ.

"तुम्ही कोण?"

"मास्तर. खालच्या शाळेत भूगोल शिकवतो."

"मग चला, वाट दाखवा."

तो कान खाजवू लागला. "तेवढंच जरा... मीही चुकलोय."

"भूगोलाचे मास्तर?"

"धुकं अभ्यासक्रमात नाही."

तिला हसू येत होतं. तिने ते दाबलं. लबाड माणसं आधी हसवतात, मग फसवतात.

धुकं निवळेपर्यंत हलण्यात शहाणपण नव्हतं. दोघं एका खडकाच्या आडोशाला बसली. मधे एक माणूस मावेल एवढी जागा तिनेच ठेवली. त्याने खिशातून पेपरमिंटच्या दोन गोळ्या काढून एक तिला दिली. तिने ती सोलून उलटसुलट करून पाहिली.

"तुम्ही आधी खा."

त्याने स्वतःची तोंडात टाकली.

"ती नव्हे. ही."

त्याने निमूटपणे तिच्या हातातली गोळी घेतली, दातांनी अर्धी तोडली आणि उरलेली अर्धी तिच्यापुढे धरली. "आता?"

आता मात्र पंचाईत झाली. घ्यावी तर उष्टी, न घ्यावी तर भित्री. तिने घेतली. कानशिलं एकदम तापली... चढामुळे असेल. पण चढ चढून तर बराच वेळ झाला होता.

"हा मुकादम," तिने विषय बदलला, "तुमचा कोण?"

"कोण म्हणजे... एका घरात राहतो आम्ही."

"करतो काय?"

"खातो, झोपतो, पोस्टमनशी भांडतो."

"आणि लबाडी करून लोकांच्या पुढे जातो!"

"लबाडी नाही हं," मास्तर पहिल्यांदाच दुखावल्यासारखा बोलला. "पळतो तो स्वतःच्याच पायांवर. पाय जरा जास्त आहेत, एवढंच."

झुडपात खसखस झाली. ज्या भोकातून ती पोटावर सरपटत आली होती, त्याच भोकातून एक तपकिरी कुत्रा मोठ्या रुबाबात बाहेर पडला. एक कान उभा, एक पडलेला. गळ्यातल्या पट्ट्याला जुनं घड्याळ. त्याने तिचे बूट हुंगले, एक शिंक दिली, मग शेजारच्या झाडापाशी जाऊन तंगडी वर केली आणि क्षणभर थांबला.

झाडाझाडापाशी...

"हा?" तिचा आवाज चिरकला.

"हाच. सकाळी उठून नाहीसा व्हायचा. जातो कुठे ते कळावं म्हणून माझं जुनं घड्याळ त्याच्या नावाने अ‍ॅपला जोडून गळ्यात बांधलं. खिंडीतल्या मोबाइल टॉवरचा रखवालदार त्याला नाश्त्यातला वाटा देतो. तो चुकू नये म्हणून पळतो बिचारा. आज धुक्यामुळे परतला नाही, म्हणून मी आहे तसा धावलो."

ती हसायला लागली. टोळी! साथीदार! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पण हसता हसता तिच्यातली तराजू तपासणारी जागी झाली.

"कुत्रा पहिला आलाय, हे तुम्हाला कधी कळलं?"

मास्तर दोरीची गाठ मारण्यात फारच गुंतला.

"आज?"

"नाही... झाले बरेच दिवस."

"आणि अ‍ॅपवरून पुसलं नाहीत?" तिचा आवाज गार पडला. "आज संध्याकाळी माझी शर्यतीतली जागा तुमच्या कुत्र्याला मिळाली असती."

"शर्यतीचं ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं."

"पण मी कोण ते ठाऊक होतं. मघाशी मला पाहून तुम्ही हसलात. मी पाहिलंय."

त्याने मारलेली गाठ पुन्हा सोडली. मग दोरीकडे बघतच म्हणाला, "रविवारी तुम्ही माझ्या खिडकीखालून जाता. थांबून बुटाची नाडी बांधता, मग सोडता आणि पुन्हा बांधता. पहिल्यांदा मुकादम तुमच्या पुढे गेला ना, तेव्हा मी पुसायलाच बसलो होतो. तर दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तुम्ही हजर! चिडलेल्या. बुधवारी पुन्हा. मग... राहिलंच पुसायचं. पुसलं असतं तर तुम्ही परत नुसत्या रविवारच्या झाला असतात."

अर्धी गोळी तिच्या तोंडात कधी विरघळली, तिला कळलंच नाही. आजवर तिने शेकडो संशय घेतले होते, त्यातले बहुतेक खोटे निघाले होते. हा खरा निघाला; पण खरा निघाल्यावर त्याचं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

राग आला होता, हे नक्की. राग धरून ठेवणं का जमत नव्हतं, ते मात्र नक्की नव्हतं.

"फोन काढा," ती म्हणाली. "पुसा सगळं. आणि क्लबला लिहा, आत्ता. माझ्यासमोर."

गारठलेल्या बोटांनी त्याने लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं – "पहिल्या क्रमांकाचा धावपटू कुत्रा आहे. चूक त्याची नाही, माझी आहे. मला कळूनही मी गप्प राहिलो."

"दिलगीर आहे, असं लिहा."

"आहेच." त्याने लिहिलं. पाठवलं. "आता रविवारीसुद्धा येणार नाही ना तुम्ही?"

"सगळं खरं सांगितलंत, याला पुरावा काय?"

"काहीच नाही."

"आमच्याकडे एकदा मोजून कुणी शिक्का मारत नाही. पुन्हा पुन्हा मोजावं लागतं."

"किती वेळा?"

"तराजू कसा आहे, त्यावर आहे," ती गंभीरपणे म्हणाली.

वारा सुटला. धुकं एका बाजूने उचललं गेलं, आणि पायवाट दिसली – ते बसले होते त्या खडकाच्या पाठीमागेच! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुन्हा हसावं लागलं असतं.

मुकादम पुढे, मागे ती दोघं, अशी वरात उतरू लागली. निसरड्या दगडावर त्याच्या चपला सटकल्या, तेव्हा तिने त्याचं कोपर धरलं. उसवलेल्या जागेपाशी. पुढचा दगड कोरडा होता, तरी सोडलं नाही.

ओढा ओलांडल्यावर रस्त्याला दोन फाटे फुटत होते. डावीकडे शाळा, उजवीकडे तिचं घर. या रस्त्यावरून ती इतक्या वेळा पळाली होती, की डोळे मिटून घरी पोचली असती. आणि हे त्या खिडकीवाल्या माणसाइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

ती फाट्यावर थांबली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आयुष्यात कुणाशी खोटं बोलली नव्हती; त्यामुळे जरा अडखळलीच.

"इथून... माझ्या घराकडे कसं जायचं हो, मास्तर?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग उजवीकडच्या त्या सरळसोट, रुंद, लहान पोरालाही चुकता येणार नाही अशा रस्त्याकडे पाहिलं.

"फार अवघड आहे," तो म्हणाला. "नुसतं सांगून नाही कळायचं तुम्हाला."