हात न लावलेली गाडी

ती खरं तर खुर्ची न्यायला आली होती. काकाच्या ऑफिसातली लाकडी खुर्ची पॉलिशला दिली होती, आणि त्या खुर्चीवाचून काकाला सुचत नाही, म्हणून त्यानं तिला पिटाळलं होतं. दुकानात लाखेचा आणि स्पिरिटचा वास भरून राहिला होता. काउंटरवर चिटपाखरू नाही. तिनं दोन हाका मारल्या, मग मागच्या उघड्या दारातून डोकावली... आणि जागीच थबकली.

मागच्या शेडमध्ये मोडक्या पलंगांच्या आणि गोणपाटांच्या ढिगातून एका गाडीची शेपटी वर आली होती. लांबलचक, टोकदार, मळक्या हिरव्या रंगाची.

"दुकान पुढं आहे," मागून आवाज आला. "इकडे फक्त उंदीर असतात."

वळून पाहिलं, तर बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला, दोन्ही हात तपकिरी झालेला एक तरुण. चेहऱ्यावर मिश्किली अशी, की ते उंदीर त्यानंच पाळले असावेत.

"ही कुणाची?"

"मामाची होती. मामा गेला, आता माझ्या गळ्यात आलीय. आई म्हणते भंगारात घाल, जागा तरी मोकळी होईल."

"खबरदार!" ती इतक्या जोरात म्हणाली की त्याच्या हातातला पॉलिशचा बोळा खाली पडला.

अशी त्यांची ओळख झाली. खुर्ची त्या दिवशी दुकानातच राहिली.

तिचा काका जुन्या गाड्यांचा पारखी. गाडी नेमकी कोणती, कोणत्या सालची, तिच्यात मूळचं किती आणि मागाहून घुसडलेलं किती, हे तपासून तो किंमत ठरवायचा. त्याच्या सहीवर शौकीन मंडळी डोळे मिटून गाड्या घ्यायची. ती त्याच्याच हाताखाली शिकली. गाडीखाली ती शिरायची, ग्रीस तिच्या केसांना लागायचं, अहवाल ती लिहायची... आणि सही काकाची! यावरून घरात खडाजंगी होऊन गेली होती. या वेळी मात्र काका म्हणाला, "शोधलीस तू, तपास तूच. खाली नावही तुझंच लाव. पण एक ध्यानात ठेव. या धंद्यात एकदा नाव गेलं की परत मिळत नाही."

तिला आकाश ठेंगणं झालं.

गाडी अमेरिकन आहे आणि पन्नासच्या दशकातली आहे, हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. खरी मेहनत पुढंच होती. चिखलाखाली दडलेला चासीचा नंबर तिनं ओल्या फडक्यानं हळूहळू उघडा केला आणि इंजिनाच्या नंबराशी ताडून पाहिला. जुळला! काचांच्या कोपऱ्यातल्या सालाच्या बारीक खुणा भिंगातून वाचल्या. मग लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दारांवरून फिरवलं. पत्र्यातले खड्डे बुजवायला रंगारी लांबी भरतात, तिच्यावर चुंबक धरत नाही. इथं ते कुठंच सुटलं नाही.

"पारखीबाई, एकदा मलाही लावून बघा," दाराला टेकून तो म्हणाला. "कुठं लांबी भरलीय का, कळेल तरी."

"तुमच्यात? तोंडापासून सुरुवात करावी लागेल."

"करा ना. मी कुठं नाही म्हणतोय?"

तिनं मान गाडीत खुपसली, पण कान लाल झाले ते झालेच.

ती तपासता तपासता सांगायची आणि तो पाय हलवत स्टुलावर बसायचा. "हिची सगळी किंमत, हिला कुणी हात लावला नाही यातच आहे. रंग उडालाय, उडू दे. सीट फाटलीय, फाटू दे. चकचकीत केलेल्या गाड्या पैशाला पासरी मिळतात, अशी सापडत नाही. मी सांगेपर्यंत धूळसुद्धा पुसायची नाही. कळलं?"

"कळलं," तो म्हणायचा, तिच्या हनुवटीवरच्या ग्रीसच्या ठिपक्याकडे बघत.

एकदा तिनं त्याला डॅशबोर्डखाली वाकायला लावलं. आत, अवघड जागी, कारखान्यातल्या कुणा कामगारानं निळ्या खडूनं ओढलेली एक रेघ अजून तशीच होती. काडीला लावलेला इवलासा आरसा तिनं तिरका धरला. दोघांची डोकी एकमेकांना लागली. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती.

"दिसली?"

"दिसली..."

तो आरशातून तिच्याकडेच बघत होता. तिला ते कळलं, आणि खोटं कशाला बोला, आवडलंही.

त्याच दिवशी तिनं दाराची रबरी पट्टी नखानं थोडी उचलली. खाली मूळचा रंग होता तसाच राहिला होता. गर्द, ओला वाटावा असा समुद्री हिरवा. "नवीकोरी असताना काय दिसत असेल ना ही!" ती हळूच म्हणाली. "एकदा तरी बघायला मिळायला हवी होती."

"अहो-जाहो आता पुरे," तो एकदम म्हणाला. "मला तू म्हण."

"तू," ती म्हणाली, आणि दोघंही उगाचच हसत सुटले.

त्याची आई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "काय गं, एवढा वेळ आत करता काय तुम्ही?"

"तपासणी!" दोघं एका सुरात म्हणाले.

"असं होय. चालू द्या," म्हणत माउली कप ठेवून गेली, पण जाताना पदराआड हसली.

अहवाल तयार झाला. 'मूळ रंग, मूळ इंजिन, हात न लावलेली.' खाली तिची सही. असल्याच गाड्या जमवणाऱ्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे तो अहवाल गेला, त्यांनी भरपूर किंमत कबूल केली आणि बघायला यायचा दिवस ठरला. मधले काही दिवस ती काकाबरोबर दुसऱ्या गावी गेली होती. फोनवर त्याचा आवाज नुसता उतू जात होता.

"तू ये तर खरी. गंमत आहे."

"काय?"

"सांगितली तर गंमत कसली?"

तिला वाटलं, विचारणार... नक्की विचारणार. तिनं उत्तरही ठरवून ठेवलं.

ठरल्या दिवशी डॉक्टर, काका आणि ती शेडमध्ये आले. सगळी अडगळ हलवलेली. मधोमध पांढऱ्या चादरीखाली गाडी. त्यानं तिच्याकडे बघून डोळे मिचकावले आणि चादर ओढली.

समुद्री हिरवी. लखलखीत, नवीकोरी, कुठं डाग नाही की ओरखडा नाही. दुकान बंद ठेवून, पत्र्यापर्यंत घासून, थरावर थर देऊन त्यानं ती एकट्यानं रंगवली होती. डॅशबोर्डचा खालचा भागसुद्धा सोडला नव्हता. त्याच्या दुकानात मोडकी खुर्ची यायची आणि घासून-तासून चकाकली की दुप्पट भावानं जायची. जुन्या वस्तूवर जीव लावायची त्याला एवढी एकच रीत ठाऊक होती.

डॉक्टर गाडीभोवती फिरले. हातातले कागद पाहिले, मग तिच्याकडे वळले.

"अहवाल सुरेख लिहिलाय तुम्ही," ते शांतपणे म्हणाले. "यातली गाडी कुठाय?"

काका ओरडला असता तरी चाललं असतं. तो नुसता चष्मा पुसत राहिला, आणि मग डॉक्टरांच्या मागोमाग बाहेर गेला.

"आवडली नाही?" त्याचा चेहरा पडला. "तूच तर म्हणालीस, नवी असताना बघायला हवी होती!"

"म्हणाले. आणि त्याच्या आधी काय म्हणाले होते? रोज काय सांगत होते? काहीतरी आठवत असेल ना तुला?"

"सगळं आठवतं!" तो कळवळून म्हणाला. "पहिल्या दिवशी पिवळा शर्ट होता तुझा, त्याचं वरचं बटण वेगळं होतं. विचार करताना तू पेन्सिल दातांत धरतेस. खोटं खोटं रागावलीस की डावी भुवई वर जाते..."

"आणि मी बोलत काय होते?"

त्याला खरंच आठवेना.

"माझं प्रेम आहे गं तुझ्यावर," शेवटी तो म्हणाला.

हेच ऐकायला ती आसुसली होती. ठरवलेलं उत्तर ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडलं. तिचंही होतं, आत्ता या क्षणीसुद्धा होतं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग येत होता.

"तू मला बघत होतास," ती म्हणाली. "मला वाटलं, ऐकतोयस. तुझ्या एकट्याची चूक नाही. मलाही ते बघणं आवडत होतं, म्हणून मी कधी विचारलं नाही."

"मी रंग काढतो. आजच काढतो."

"खाली पत्रा निघेल. आणखी काही नाही आता."

"उद्या येशील?"

"नाही."

परतताना काका म्हणाला, "पुढच्या गाड्यांना सही माझी." तिनं वाद घातला नाही. "या गाडीचा नवा अहवाल मात्र तूच लिही. आपलं आपणच निस्तरायचं."

तिनं लिहिला. इंजिन मूळचं. रंग संपूर्ण नवा, कारखान्याच्या खुणा नष्ट. किंमत, कुठल्याही रंगवलेल्या जुन्या गाडीची असते तेवढीच. मग थांबली, आणि आणखी एक ओळ लिहिली: 'रंगकाम अत्यंत उत्तम, इतकं चांगलं क्वचितच पाहायला मिळतं.'

काकानं वाचलं. "हे शेवटचं कशाला? यानं किंमत वाढत नाही."

"नाही वाढत," ती म्हणाली. "पण खरं आहे."

काकानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि ती ओळ खोडली नाही. तिनं सही केली, मालकाची प्रत पाकिटात घातली, दुकानाचा पत्ता लिहिला, आणि मग आतल्या खोलीचं दार लावून पोटभर रडली.