पिठातले किडे

गव्हाच्या पोत्यात डोकं खुपसलेला माणूस दिसला, तेव्हा तिने आधी झाडूच उचलला.

"कोण आहे तिकडे?"

तो दचकून वळला. केसांवर, भुवयांवर पांढरी भुकटी. "बुरशीवाला," तो म्हणाला आणि सणसणीत शिंकला. "म्हणजे... किडे मारणारी बुरशी. तुमच्या बाबांनी बोलावलंय."

गोदाम बाबांचं असलं तरी किल्ल्या तिच्याकडे, त्यामुळे त्याच्यावर लक्ष ठेवणं ओघानेच आलं. ही भुकटी बियाण्याच्या गव्हात मिसळायची, मग ती सोंड्यांच्या, म्हणजे धान्यातल्या सोंडवाल्या किड्यांच्या, अंगाला चिकटते आणि आत रुजते, असं त्याने समजावलं.

"पण हे तर मजेत फिरतायत!"

"लगेच नाही मरत. आधी त्यांना कळतसुद्धा नाही, आपल्याला काय झालंय ते."

हे सांगताना त्याने तिच्याकडे असं का पाहावं? तिला काही उमजेना.

मग तो रोजच यायला लागला. चाळणी धरताना बोटाला बोट लागे, आणि दोघंही उगाच गव्हात काहीतरी शोधू लागत. सोंडे मरू लागले, तसा तिचा जीव खालीवर व्हायला लागला. सगळे मेले की हा जाणार. नाही मेले, तर बाबा विषारी धुरी द्यायला गॅसवाल्याला बोलावणार... तरी हा जाणारच! मग मागायचं तरी काय?

शेवटच्या तपासणीच्या सकाळी तिने जुन्या पिठातले किडे डबीत भरले आणि गुपचूप त्याच्या पोत्यात सोडले. थोडे जिवंत दिसले, तर आणखी काही दिवस येईल बिचारा.

पण तपासणीला बाबाही आले. चाळणीत किडे वळवळले.

"फसला तुमचा प्रयोग," बाबा म्हणाले. "उद्या गॅसवाल्याला सांगतो."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"बाबा, थांबा! ते... मी टाकलेत. पिठातले."

त्याने एक किडा तळहातावर घेतला. "खरंच की! लाल आहेत, सोंड नाही. गव्हातले सगळे मेलेत!"

बाबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मला तर बुवा काहीच कळत नाही," म्हणत ते बाहेर गेले.

"माझं काम फसावं असं वाटत होतं तुम्हाला?"

"नाही हो! व्हावं असंच वाटत होतं. फक्त... संपू नये."

तो हळूच म्हणाला, "तपासणी खरं तर आठवड्यातून एकदाच लागते."

"मग रोज काय बघायला यायचात?"

"माझाही त्याच बाबतीत गोंधळ होता — आतापर्यंत. उद्या येऊ?"

"सोंडे तर संपले."

"म्हणून तर विचारतोय."

तिने चाळणी त्याच्या हातातून काढून घेतली.

"ये," ती म्हणाली. 'या' म्हणायचं राहूनच गेलं.