बहिऱ्या भोपळ्याला बोलावतं कोण?

ही गोष्ट खरी आहे.

माझ्या मामाच्या बाबतीत घडलेली. आता मामा थापा मारतो हे साऱ्या घराला ठाऊक आहे, आणि मीही त्याचाच भाचा. पण ही गोष्ट निघाली की तो दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतो. नुसती थाप मारायला माणूस एवढी कसरत करत नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची, लख्ख उन्हातली. शुक्रवार होता.

मामाचं फ्रेमांचं दुकान. काच कापायची, पट्ट्या जोडायच्या, मागे पुठ्ठा ठोकायचा. स्वभाव महासंशयी. मामीने कोऱ्या चहात साखर जरा जास्त घातली तरी विचारणार, "काय लपवतेयस?" गल्लीने त्याचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं होतं.

गल्लीच्या टोकाला मावशी राहायची. सख्खी कुणाचीच नाही, पण मावशी सगळ्यांची. लंगडी मांजरं, पंख मोडलेला कावळा, कुणीतरी सोडून दिलेला ससा, सगळे तिच्या दारात. शेजारणी म्हणायच्या, "मावशी, पुढच्या जन्मी आम्हाला तुमच्याकडची मांजर करा हो. नवऱ्यापेक्षा बरं राहील."

आणि एक भोपळ्या. पिवळा, गोल, म्हातारा कुत्रा. जन्मापासून ठार बहिरा.

बहिऱ्याला हाक कशी मारायची? मावशीने युक्ती काढली होती. घराची जमीन लाकडी फळ्यांची. रोज चारच्या सुमाराला ती स्वयंपाकघरात दूध-ब्रेड कुस्करायची आणि टाच आपटायची.

धप... धप.

दोनदाच. बाहेरच्या खोलीत झोपलेल्या भोपळ्याच्या पंजांना ते कळायचं, आणि स्वारी उठून डुलत डुलत वाटीकडे निघायची.

मावशी झोपेतच गेली. अख्खी गल्ली रडली. रविवारी तिच्याच घरी सगळ्यांनी जमायचं, चार आठवणी सांगायच्या असं ठरलं. फ्रेमेचं काम अर्थातच मामाकडे आलं.

फोटो एकच धड होता. मावशी दारात उभी, भोपळ्या पायाशी. पण तयार फ्रेम पडली आखूड. मामाने पट्टी ठेवली, कटर फिरवला. खालचा तुकडा गेला. मावशीची पावलं गेली, कुत्र्याचे पंजे गेले.

"तोंड दिसलं म्हणजे झालं. पाय कोण बघतंय," असं म्हणून मामाने तो तुकडा कातरणांच्या खोक्यात टाकला.

शुक्रवारी दुपारी तो फ्रेम घेऊन तिच्या घरी गेला.

दार मावशीच्या पुतण्याने उघडलं. परगावहून आला होता, आता घर त्याचंच. डोळे लालभडक. मामाच्या मनात लगेच पाल चुकचुकली. रडून लाल, की चोळून?

"कुत्र्याचं काही खरं नाही हो," पुतण्या म्हणाला. "काकू गेल्यापासून घासभरही खाल्लेलं नाही. सोमवारी जनावरांचे डॉक्टर येतायत. इंजेक्शन देऊन सोडवतील. म्हाताऱ्या जिवाचे हाल नकोत."

मामाने भोपळ्याकडे पाहिलं. खिडकीखाली पसरला होता. पोट टम्म.

उपाशी कुत्रा आणि असा गरगरीत?

मामाला सगळं उलगडलं. हा माणूस चोरून खायला घालतोय, आणि जगाला सांगतोय कुत्रा उपाशी आहे. म्हणजे इंजेक्शन द्यायला मोकळा, घर विकायला मोकळा. मामाला कुत्र्यांचं प्रेम नव्हतं. पण आपल्या नाकाखाली एक जीव असा जाऊ द्यायचा?

"तुम्ही खुर्च्या आणायला जा," तो म्हणाला. "मी फोटो टांगतो."

पुतण्या गेला. मामाने आतून कडी घातली आणि झडती घेतली. फ्रिज बंद, रिकामा. दुधाचा थेंब नाही. भोपळ्याची वाटी धुऊन मोरीशेजारी पालथी घातलेली. मागच्या दाराला आतून बोल्ट.

मग तो बाहेरच्या खोलीत येऊन बसला. फोटो भिंतीवर. कुत्रा खिडकीखाली. मामा मध्ये.

घरात एवढी शांतता की स्वतःचं गिळणं ऐकू यावं.

आणि मग...

भोपळ्याने डोळे उघडले.

मामाला काहीही ऐकू आलं नव्हतं. शपथेवर सांगतो. पण त्याच्या तळव्यांना कळलं.

धप... धप.

आवाज नाही. नुसता हादरा. फळीतून आला, बुटातून टाचेत शिरला.

भोपळ्या उठला. शेपूट हलवत आत गेला. आणि आतून आवाज आला. हा मात्र कानांनी ऐकलेला.

लप... लप... लप.

"कोण आहे आत?" मामाने दरडावलं. आवाज त्याचा त्यालाच बारीक वाटला.

लपलप थांबली.

मामा दारापर्यंत गेला. आत कुणी नव्हतं. बोल्ट जागेवर. वाटी तशीच पालथी, कोरडी ठणठणीत. भोपळ्या मोरीपाशी उभा होता आणि वर पाहत होता. वर म्हणजे, समोर एखादं माणूस उभं असेल तर त्याचं तोंड जिथे येईल, तिथे.

त्याच्या हनुवटीवरून एक पांढरा थेंब टपकन खाली पडला.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. मामाने धावत जाऊन कडी काढली. पुतण्या उभा, दोन्ही बगलांत खुर्च्या, घामाघूम.

"लागला फोटो?" त्याने विचारलं.

"लागला," मामा म्हणाला, आणि पायऱ्या उतरून चालू लागला. हातोडी तिथेच विसरला.

रविवारी घर भरलं. दूधवाला म्हणाला, "मावशी आधी माझ्या म्हशीची तब्येत विचारायची, मग माझी." शिंपी म्हणाला, तिने मांजरासाठी कोट शिवून घेतला आणि मांजराने तो एकदाही घातला नाही. लोक हसले, डोळे पुसले.

पुतण्या उभा राहिला. त्याने भोपळ्याकडे बोट दाखवलं. "नेला असता हो मी त्याला. केसांनी मला दमा होतो. हे डोळे बघा ना, आल्यापासून असेच आहेत."

मामाचा संशय तिथेच गळून पडला. आणि तो गळल्यावर त्याला खरी भीती वाटली. पुतण्या नाही, तर मग कोण?

मग...

धप... धप.

मामाने झटकन सगळ्यांचे पाय पाहिले. चपला, बूट, सँडल. एकही हललेला नव्हता.

"कळलं का तुला?" तो मामीच्या कानाशी कुजबुजला.

"काय?"

"जमीन."

"गप बसा. लोक बघतायत."

खिडकीखालून भोपळ्या उठला. खुर्च्यांमधून वाट काढत सरळ आला, आणि मामाच्या बुटांवर हनुवटी टेकून बसला.

"घ्या," शिंपी म्हणाला, "इन्स्पेक्टरलाच अटक."

मामाने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. तोंड छान दिसत होतं. मावशी हसत होती. पण नजर खाली वाटली, फ्रेमेच्या कडेकडे... काहीतरी शोधत असल्यासारखी.

"हा जेवतो," मामा उठून म्हणाला. "मी पाहिलंय. इंजेक्शन नको. मी नेतो याला."

असा भोपळ्या दुकानात आला. दुकानाची जमीन सिमेंटची. मामा निश्चिंत. सिमेंटवर टाच मोडेल, पण धपधप व्हायची नाही.

दुसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, भोपळ्या उठला. थेट कातरणांच्या खोक्यापाशी गेला आणि शेपूट हलवू लागला.

मामाने खोकं उपडं केलं. तो तुकडा निघाला. उंबरठा होता. भोपळ्याचे पंजे होते.

फक्त पंजे.

शेजारी रिकामी जमीन.

मामाने तुकडा चुलीत घातला. उपयोग झाला नाही. भोपळ्या पुढे बरीच वर्षं जगला. मामीच्या हातचा घास त्याने कधी घेतला नाही. आणि वाळलाही नाही. मग एका थंडीत झोपेतच गेला. त्याला पुरून आल्यावर मामा म्हणाला, "सुटलो."

इथे गोष्ट संपायला हवी होती.

मागच्या महिन्यात मी मामाकडे गेलो होतो. मामा आता थकलाय. आणि त्याला ऐकू येईनासं झालंय. कानाशी ओरडलं तरी नुसतं हसतो.

मामी त्याच्यासमोरच मला सांगत होती. "जेवत नाहीत रे हे. ताट जसंच्या तसं परत. आणि पोट बघ. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. मला तर संशय येतो, बाहेर कुणीतरी भरवतंय यांना."

मामा खुर्चीवर पाय घेऊन बसला होता. आमचं एक अक्षरही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

मामी मागे स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली. दुपार कलली होती.

मग... मामाने मान वळवली. आतल्या खोलीच्या दाराकडे. तिथे कुणी नव्हतं.

त्याने पाय हळूहळू खाली सोडले. तळवे जमिनीला टेकले. क्षणभर तसाच बसला, आणि उठून आत गेला. डुलत डुलत.

मी हाक मारली. त्याला ऐकू जाणारच नव्हती.

थोड्या वेळाने तो परत आला, खुर्चीत बसला आणि बाहीने मिशा पुसल्या. बाहीवर पांढरा डाग उमटला. माझ्या मामाला दुधाचा वाससुद्धा चालत नाही, लहानपणापासून.

मावशी फार प्रेमळ होती म्हणतात. कुणालाही उपाशी ठेवायची नाही.

 मी माझे दोन्ही पाय हळूच उचलून खुर्चीवर घेतले.