कोल्ड रूमबाहेरच्या चपला

हे खरंच घडलं आहे. रेश्मा माझी भाची, आणि ती उगाच बोलणारी मुलगी नाही. मला ते तिच्यासारखं नीट सांगता येईल का, ठाऊक नाही.

गेल्या पौषातली दुपार. पलूसजवळची एक खाजगी प्रयोगशाळा, रेश्मा तिथं कामाला.

पाणी तुटलं की झाडात एक संप्रेरक तयार होतं. ते ओळखून पानांची छिद्रं मिटवायला लावणारं एक प्रथिन असतं. शाळू ज्वारीतलं ते प्रथिन जिवाणूंकडून बनवून घ्यायला रेश्माच्या सोबत काम करणाऱ्या शिवांजलीनं दोन वर्षं घालवली होती. बियाणं तिच्या आईच्या आटपाडीच्या रानातलं. प्रथिनाच्या प्रत्येक नळीवर बनवणाऱ्याचं नाव असायचं.

भाद्रपदात शिवांजली डेंग्यूनं गेली.

"ती चोवीस लेबलं काढ," त्या दुपारी प्रयोगशाळेचे प्रमुख वीरधवल सर रेश्माला म्हणाले. "माझं नाव टाक. उद्या नळ्या पुण्याला जायच्यात."

"सर, तिनं बनवल्यात."

"मग शंका आल्यावर लोकांनी तिला फोन करायचा का?"

रेश्माच्या अंगाचा तिळपापड झाला. पण नळ्या ठेवलेल्या कोल्ड रूमकडे गेली ती.

तिथं एक रीत होती. कोल्ड रूममध्ये जाताना चपला दाराबाहेर काढायच्या. बाहेर चपला दिसल्या म्हणजे आत माणूस आहे. बाहेरून दिवा घालवायचा नाही.

एक लेबल सोललं... दुसरं...

टक. टक. टक.

नळीतला बुडबुडा घालवायला शिवांजली नखानं असंच तीनदा वाजवायची.

रेश्मानं वळून पाहिलं. कुणीच नव्हतं.

चोवीस नावं बदलून ती बाहेर आली.

तिच्या चपलांशेजारी आणखी एक जोड होता... अंगठ्याला लाल दोऱ्याचा टाका घातलेला.

शिवांजली गेल्यावर तो जोड रेश्मानं स्वतः आटपाडीला नेऊन तिच्या आईच्या हातात दिला होता.

तिनं आटपाडीला फोन लावला. "मंगलमावशी, शिवांजलीच्या चपला कुठायत?"

"सकाळधरनं हुडकतीय गं. उंबऱ्यापाशी हुत्या." मग आवाज बदलला. "का इचारलंस? काय केलंसा तुमी तिचं?"

"नाव काढलं, मावशी. नळ्यांवरचं. मीच."



"दोन वरसं सणाला घरी आली न्हाई माझी पोर. आन तू नाव काढलंस व्हय."

फोन बंद झाला.

तेवढ्यात सर नळ्यांचा खोका न्यायला आले. बूट घालूनच दाराकडे निघाले.

"सर, चपला दिसत नाहीत का? आत माणूस आहे."

रेश्मा रागानं म्हणाली. सर हसले. पायानं तो जोड बाजूला सारून आत गेले.

दार मिटलं.

दिवा गेला...

टक. टक. टक.

रेश्मानं दार ओढलं. सर भिंतीला टेकून उभे होते. ओठ तडकलेले, उन्हाळ्यातल्या रानासारखे. चार अंशांच्या खोलीत.

"पाणी," ते म्हणाले.

तांब्या संपला. माठ संपला. तरी ते पाणीच मागत होते.

अजूनही मागतात. डॉक्टरांना कारण सापडलेलं नाही.

रेश्मानं त्याच दुपारी चोवीस नळ्यांवर शिवांजलीचं नाव परत लिहिलं. बाहेर आली तर तिथं एकच जोड होता... तिचा.

संध्याकाळी मंगलमावशींचा फोन आला. चपला उंबऱ्यापाशी सापडल्या होत्या. बर्फासारख्या गार.

परवा रेश्मा माझ्याकडे आली होती. बोलता बोलता पाच पेले पाणी प्याली.

सहावा तिनं मागितला, तेव्हा मी तिच्या ओठांकडे पाहिलं नाही.