आतून ठोकळा धरणारा

ही गोष्ट खरी आहे. खोटं सांगून मला काही मिळणार नाही, आणि फुकटात खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही.

शिवाय ही रात्रीची नाही. भर दुपारची आहे. भुतं रात्रीच येतात हे ज्याने ठरवलं, तो बहुतेक दुपारी झोपत असावा.

मागचा उन्हाळा. गोदामांच्या मागची गल्ली. तिथे माझे दाजी आणि त्यांचा भाऊ जुन्या गाड्यांचा पत्रा ठोकायचे. भावाचे केस पिकले, तरी सगळे त्याला 'धाकटा'च म्हणतात. आणि खिसा रिकामा असला, तरी मला 'शेठ'.

त्याचं आणि माझ्या ताईचं बोलणं मी हिशेबाने घेतो. धाकट्याच्या बोलण्यातून निम्मं वजा करायचं. ताईच्या बोलण्यात तेवढंच मिळवायचं.

म्हणून दोघांचं बोलणं एकच निघालं, तेव्हा माझा हिशेबच फसला.

पत्र्याचं काम जोडीचं असतं. एक जण बाहेरून हातोडी मारतो. दुसरा आतून, नेमका त्याच जागी, लोखंडी ठोकळा दाबून धरतो. ठोकळा असला की आवाज येतो 'टण्ण'. नसला की नुसतं 'ढब'.

दाजी जन्मभर आत. धाकटा जन्मभर बाहेर. बोलणं नाही, खूण नाही. हातोडी पडायच्या आधी ठोकळा पोचलेला.

मग ती अमेरिकन गाडी आली. तोंड वळणावर पोचलं तरी शेपूट गल्लीतच, एवढी लांब. मागे माशासारखे दोन उभे पंख. डिकी अशी, की माणूस पाय पसरून झोपेल.

"पंखांना धार अशी पाहिजे, की माशी बसली तर घसरली पाहिजे," गाडीचा मालक म्हणायचा. स्वतःच्या पोटाला मात्र त्याने कधी आकार मागितला नव्हता.

एक पंख झाला. दुसरा अर्ध्यावर असताना दाजी डिकीतच कोसळले.

अर्धांगवायू. वाचा गेली. उजवी बाजू गेली.

धाकट्याने दुसरा माणूस ठेवला नाही. "परक्या हाताला पत्रा रुसतो," म्हणाला. मी निम्मं वजा केलं.

एका दुपारी त्याचा डबा घेऊन गेलो. गल्लीतूनच ऐकू आलं…

टण्ण… टण्ण…

चला, ठेवला एकदाचा कोणीतरी. आत गेलो.

धाकटा एकटाच.

"आत कोण आहे रे?"

"शेठ, डबा ठेवा आणि निघा."

"अरे, पण कोण?"

तो हसला. लहान मुलासारखा. "दादा."

मी डिकीत वाकून पाहिलं. रिकामी. ठोकळा बाहेर बाकावर पडला होता. त्यावर धूळ.

माझ्या डोळ्यांदेखत त्याने पंखावर घाव घातला…

टण्ण.

मी ताईच्या घरी पळालो. ताई दारातच उभी. किती दिवसांनी हसत होती!

"अरे, ह्यांचा हात हलतो! रोज दुपारी हलतो. मुठीत काहीतरी धरल्यासारखा!"

दाजी छताकडे बघत पडले होते. मी त्यांची उजवी मूठ उघडली.

तळहात काळानिळा पडला होता.

ताईला काही बोललो नाही. बाई दिवसचे दिवस त्या हाताकडे बघत बसलेली. तिची आशा मी कुठल्या तोंडाने मोडू?

पण दुसऱ्या दुपारी पलंगाशी बसून धाकट्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला. "काम चालू ठेव. तूही स्पीकरवर टाकून फोन बाकावर ठेव. मी ऐकतोय."

फोनमध्ये टण्ण…

दाजींची मूठ उडाली.

पुन्हा टण्ण…

पुन्हा उडाली. दाजींच्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे. तिला सांगावं लागलं नाही.

"भाऊजी, थांबवा!" ती ओरडली. "मरतील हो ते!"

"वहिनी, एवढा पंख होऊ दे. दादाला अर्धं काम टाकायची सवय नाही."

"तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ!"

मग हातोडी बाकावर ठेवल्याचा आवाज.

"बरं. ठेवली."

छताच्या पंख्याची घरघर तेवढी…

टण्ण.

मूठ उडाली.

"वहिनी…" धाकट्याचा आवाज बसला होता. "मी नाही मारली."

टण्ण… टण्ण… टण्ण…

ताईने झेप घेतली. दोन्ही हातांनी दाजींची मूठ आवळली, छातीशी दाबली. सगळा जीव लावून.

आवाज थांबला.

तेवढ्यात फोनमधून धाकटा हळूच म्हणाला…

"वहिनी… डिकीत बांगड्या कशा वाजतायत?"

ताई माझ्या समोर बसली होती. डोळे उघडे. पापणी हलत नव्हती.

बांगड्याही हलत नव्हत्या.

दाजी त्याच संध्याकाळी गेले. धाकट्याने गॅरेजला कुलूप घातलं, ते कायमचं. मालकाने गाडी ओढून दुसरीकडे नेली. अर्धा पंख पुट्टी भरून गुळगुळीत केला, वर मलई रंग मारला. म्हटलं, सुटलो.

पण मालकाला धार पसंत पडली नाही. या आठवड्यात पुट्टी खरवडून तो पंख नव्याने ठोकायला घेतलाय.

मी जाऊन हात जोडले. मालक हसला. "शेठ, पत्रा ठोकल्याने कुणी मरतं का?"

नवा डेंटर एकटाच काम करतो. मी विचारलं, आतून कोण धरतं? तो म्हणाला, "कुणी नाही. कसा कोण जाणे, आवाज मस्त येतो."

ताई आता माझ्याकडे राहते. सकाळी ठीक असते. भाजी निवडते, मला टोमणे मारते.

दुपार झाली की गप्प होते.

काल म्हणाली, "आत अंधार आहे रे. पेट्रोलचा वास येतो. पण हे आहेत शेजारी."

तिच्या बोलण्यात किती मिळवायचं, ते मला आता कळत नाही.

हे लिहितोय तेव्हा दुपार आहे. ती समोर बसली आहे. दोन्ही मुठी आवळलेल्या. मधूनच उडतात…

तिचे हात धरावेत असं फार वाटतं.

धरत नाही.