उशीखालचा एक्का

हातातले पत्ते टाकून दिले की माणसानं आपल्या जागेवर गप्प बसावं. एवढी साधी रीत थोरल्याला काही जमत नव्हती. डाव सोडला की हा उठणार, लोकांच्या खुर्च्यांमागून येरझाऱ्या घालणार, पडदा ओढणार, कुणाला पाणी हवं का विचारणार.

"अरे, मागून दुसऱ्याचे पत्ते दिसतात," बाई दर रविवारी सांगत.

"मी बघत नाही, आई."

"बघत नसशील. पण बघणाऱ्यासारखा दिसतोस, त्याचं काय?"

त्या रविवारीही तो पाण्याचा जग घेऊन फिरून आला आणि बसला, आणि त्यानंतर लगेचच तो प्रकार घडला.

धाकटी सून फोनवर बोलून गॅलरीतून आत आली. बसण्याआधी तिनं नेहमीसारखी खुर्चीवरची उशी उचलून झटकली. उशीखालून इस्पिकचा एक्का फरशीवर पडला.

मग जावयानं वाकून पत्ता उचलला.

"वहिनी, हा काय तुमच्या खुर्चीवर उगवतो?"

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. "मला नाही माहीत. खरंच नाही माहीत."

"तरीच म्हटलं, सकाळपासून सगळी बटणं तुमच्याच पुढ्यात कशी."

या घरात पोकर बटणांवर चाले. शर्टाचं पांढरं बटण हलकं, कोटाचं काळं भारी. बटणं बाईंच्या शिलाईच्या कारखान्यातली. खेळ शिकवला होता शेजारच्या डॉक्टरांनी. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते, मध्ये पाच उघडे, ज्याचा मेळ भारी तो जिंकला. आणि हाती काहीच नसताना असल्यासारखं जो दाखवू शकतो, तो जास्त वेळा जिंकतो. बाईंची शाळा चौथीतच सुटली होती, पण जन्म गिऱ्हाईकांसमोर चेहरा कोरा ठेवण्यात गेलेला. खेळ त्यांना लगेच उमगला.

मेजाभोवती पाच जण होते. बाई, कारखान्यात कटिंग मास्तर असलेला थोरला, धाकटी, जावई आणि डॉक्टर. धाकटा मुलगा कामासाठी परगावी होता. मघाचा फोन त्याचाच.

"आई, जाऊ दे," थोरला हळू आवाजात म्हणाला. "घरातलीच आहे. चुकली असेल. माफ कर तिला. कारखान्याचं काय ते पुढे कधीतरी बघू."

"कारखान्याचं काय?" जावयानं विचारलं.

"ते नंतर," बाई म्हणाल्या.

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. लबाडाला रडताही येतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. या पोरीच्या हाती त्या आपला सगळा संसार द्यायला निघाल्या होत्या. ती चोर निघाली तर ते आजच कळायला हवं होतं. आणि नसली, तर या मेजावर दुसरं कुणीतरी होतं.

"कुणी उठायचं नाही," त्या म्हणाल्या. "एक्का इकडे द्या, जावईबापू."

त्यांनी एक्का उजेडात धरला, मागून पुढून पाहिला, बोटं फिरवली. मग कॅटातली किलवरची दुर्री काढली, धाकटीच्या वेताच्या खुर्चीवर ठेवली आणि वर उशी टाकली.

"बस."

"आई, मी..."

"बस म्हटलं ना. रडायचं तर बसून रड."

धाकटी बसली. डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला.

"डॉक्टर, हा एक्का शेवटचा कधी दिसला होता?"

"याच्या आधीच्या डावात. मध्ये उघडा पडला होता. त्याच्याच जोरावर तर मी जिंकलो."

"मग पत्ते कुणी गोळा केले?"

"ज्याची वाटायची पाळी, त्यानं. म्हणजे थोरल्यांनी."

जावई मध्येच बोलला, "पण मधले पाच पत्ते वहिनींनी सरकवले दादाकडे. मी पाहिलंय. त्यातलाच एक खाली घेतला असणार."

"सरकवले होतेस?" बाईंनी सुनेला विचारलं.

"हो. ते माझ्यासमोरच होते. सगळे दिले मी."

"त्यानंतर फोन येईपर्यंत उठलीस कुठे?"

"नाही. माझे पत्ते वाईट होते, टाकून दिले. मग फोन वाजला. मेजावर बोलायचं नसतं ना, म्हणून बाहेर गेले."

"जावईबापू, ती बाहेर असताना तुम्ही काय करत होता?"

"मी आणि डॉक्टर अडकलो होतो डावात. सगळी बटणं पुढे सारलेली. डोळे वर करायला सवड होती कुणाला?"

"खरं आहे. मीही तुमच्या दोघांच्या तोंडाकडेच बघत होते." बाई डॉक्टरांकडे वळल्या. "पत्ते पिसून झाले की उजवीकडच्याला काटायला द्यायचे, ही तुमचीच रीत. थोरल्याच्या उजवीकडे तुम्ही बसलाय. काटलेत?"

डॉक्टर घुटमळले.

"बोला की. पत्ते टोचत नाहीत इंजेक्शनसारखे."

"नाही. त्यांनी पुढे केलेच नाहीत. पिसले आणि एकाच हातात धरून वाटायला लागले."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बाई, दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून बसायचं आणि यजमानाला नियम शिकवायचे? बरं दिसत नाही ते."

"तुमचं बरं दिसण्यापायी माझी सून चोर ठरत होती, डॉक्टर," बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी मान खाली घातली.

थोरला हसला. "विसरलो असेन, आई. एवढं काय त्यात?"

बाईंनी धाकटीला उठवलं आणि उशीखालची दुर्री काढून एक्क्याशेजारी मेजावर ठेवली.

"बघा आता."

जुना, मऊ पडलेला कागदी कॅट. दुर्रीवर वेताची जाळी जशीच्या तशी उमटली होती. एक कोपरा तर पार दुमडला होता. एक्का मात्र नुकत्याच इस्त्री केलेल्या कॉलरसारखा सपाट.

"आधीच्या डावात हिनं एक्का खाली लपवला असता, तर फोन येईपर्यंत ही त्याच्यावर बसलेली होती," बाई म्हणाल्या. "तेवढ्या वेळात त्याची अशीच गत झाली असती. त्याच्यावर कुणी बसलेलंच नाही."

"उठता उठता ठेवला असेल," जावई म्हणाला, पण त्याच्या आवाजातली धार गेली होती.

"आणि परत येऊन तुमच्यासमोर उशी झटकून दाखवली? एवढी खुळी असती तर तिनं तुमची बटणं जिंकली असती होय? एक्का ठेवला गेला ही गॅलरीत असताना. ही उशी झटकूनच बसते, हे घरातल्या माणसाला पाठ. तेव्हा तुमच्या दोघांचे हात डावात, मी माझ्या खुर्चीत. उभं कोण होतं?"

कुणीच थोरल्याकडे पाहिलं नाही. तेवढ्यानंच सगळं समजलं.

"पत्ते यानं गोळा केले. एक्का तळहातात दाबला. कॅट मेजावर ठेवून हात मोकळा केला असता तर तो दिसला असता, म्हणून काटायला दिला नाही. मग आपला डाव सोडला आणि पाण्याचा जग घेऊन फिरला."

"आई, मी कशाला असं करू?" थोरला म्हणाला. "मला काय मिळणार त्यातून?"

"ते तूच मघाशी सांगितलंस. कारखान्याचं पुढे बघू, म्हणालास. जावईबापू, आज कारखान्याचं काही ठरायचं होतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. म्हणून तर विचारलं मी."

"तुला गं?"

धाकटीनं डोळे पुसत मान हलवली.

"कुणालाच माहीत नव्हतं. आज खेळ संपला की कारखाना हिच्या हाती देणार होते. तू थोरला, तुला इतरांबरोबर कळू नये, म्हणून काल तुझ्याशी एकट्याशी बोलले. तू हूं म्हणालास. मला वाटलं, पोरगं समजूतदार आहे."

थोरला मेजावरची बटणं बोटानं इकडून तिकडे ढकलत राहिला. मग म्हणाला, "मी इतकी वर्षं कापड कापतोय तिथं. ती काल आली. मला एकदा विचारलं पण नाहीस तू."

"नाही विचारलं. ते माझं चुकलं म्हण, मी ऐकून घेते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "रागानं तू माझ्याशी भांडला असतास, मी भांडले असते. पत्ता ठेवलास, तोही एखाद्या दिवशी पोटात घातला असता. पण ही पोर इथं रडत असताना, तिला माफ कर म्हणून तू माझ्याकडे रदबदली केलीस. उद्यापासून कारखाना हिचा. तुझी कात्री राहील की नाही, ते हिला विचार. मी मध्ये पडणार नाही."